नेटवर्कवर खापर फोडण्याआधी

‘जव्हार-मोखाड्यात नेटवर्कच नसते, तिथे सॉफ्टवेअर काय करणार?’ हे वाक्य आता कोणी प्रश्न म्हणून विचारत नाही, निकाल म्हणून ऐकवतात. साखरशेत गावातल्या बाईची ई-केवायसी अडली, रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्राने अंगठा स्वीकारला नाही, की हा निकाल तयार असतो. त्याच्या जोडीला आणखी दोन वाक्ये येतात. ‘पहिले काही दिवस गर्दी असते, मग सगळे सुरळीत होते’ हे एक. आणि ‘यंत्रणा बरोबरच होती, माहितीच चुकीची भरली’ हे दुसरे. आढावा बैठकीपासून तहसील कचेरीच्या खिडकीपर्यंत या तिन्ही वाक्यांना मान्यता आहे, आणि मला ती तिन्ही अमान्य आहेत.

पूर्वपक्षाची बाजू आधी नीट मांडली पाहिजे. या दोन डोंगरी तालुक्यांत मोबाइलचे मनोरे विरळ आहेत, पावसाळ्यात वीज गेली की तेही बंद पडतात, पाड्यावर रेंज मिळवायला टेकाडावर चढावे लागते. हे खरे आहे. सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीही चाचणी करतेच. हजारो कृत्रिम वापरकर्ते एकाच वेळी पोर्टलवर सोडले जातात, पान किती सेकंदांत उघडले ते मोजले जाते, आलेख जोडून अहवाल दिला जातो. तो अहवाल बहुधा प्रामाणिकही असतो. मग उद्घाटनानंतर यंत्रणा कोलमडली तर दोष बाहेरच्या परिस्थितीचा, असे अनुमान निघते. ते चुकते इथे: संथ नेटवर्क, पहिल्या दिवसांची झुंबड आणि अशुद्ध माहिती या तिन्ही गोष्टी सर्वांना आधीपासून ठाऊक असतात. आधीपासून ठाऊक असलेली गोष्ट नंतर सबब म्हणून पुढे करता येत नाही. ती चाचणीतच यायला हवी होती.

चाचणी नेमकी कशाची होते, तेही पाहू. आजची कोणतीही सरकारी योजना एकट्या पोर्टलवर चालत नाही. पोर्टल आधारच्या यंत्रणेला विचारते, आधारची यंत्रणा ओटीपी पाठवायला सांगते, तो मोबाइल कंपनीकडून जातो, पुढे बँकेचे खाते जुळवायचे, मग पैसे. पोर्टलचे पान कितीही झपाट्याने उघडो, अर्जाचा वेग ठरतो तो या साखळीतल्या सर्वांत संथ जोडावर. आणि कंपनीच्या चाचणीत नेमके हेच जोड काढून ठेवलेले असतात. आधारच्या जागी एक नकली उत्तर देणारा प्रोग्राम बसवतात. तो क्षणार्धात ‘होय’ म्हणतो, कधी थकत नाही, कधी नकार देत नाही.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी घ्या. १८ सप्टेंबर २०२५ ला ती सुरू झाली आणि दोन महिन्यांची मुदत मिळाली. नियम असा होता की बाईच्या आधारबरोबर पतीचे किंवा वडिलांचेही आधार पडताळायचे, म्हणजे एका अर्जाला दोन ओटीपी. लाभार्थी गणितापुरते २ कोटी ४० लाख धरू. ओटीपी झाले ४ कोटी ८० लाख. ६० दिवसांत वाटले तर दिवसाला ८ लाख. दिवसाचे कामाचे १० तास धरले तर तासाला ८० हजार, सेकंदाला साधारण २२. सेकंदाला २२ हा आकडा पाहून कोणताही अभियंता निर्धास्त होईल. बैठकीत दाखवला जातो तोही असाच सरासरीचा आकडा.

पण माणसे सरासरीने येत नाहीत. बातमी आली की येतात, मुदत संपत आली की येतात, केंद्र उघडले की सकाळी रांग लावतात. ऐन गर्दीच्या वेळी ओघ दसपट होईल असे धरले, तर सेकंदाला २२०. आता जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला साधा नियम लावू: कोणत्याही वेळी यंत्रणेत अडकून असलेल्या विनंत्या म्हणजे दर सेकंदाला येणाऱ्या विनंत्या गुणिले प्रत्येकीला लागणारा वेळ. आधारकडून उत्तर एका सेकंदात येत असेल, तर एकावेळी २२० विनंत्या आत. तिकडचा वेळ ३० सेकंदांवर गेला, तर ६,६००. उत्तर येईना म्हणून प्रत्येकाने तीनदा बटण दाबले, तर १९,८००. योजनेत एकही नवा लाभार्थी वाढलेला नाही, आणि कागदावरचे २२ जवळजवळ वीस हजारांवर पोचले. प्रत्येक अडकलेली विनंती सर्व्हरची थोडी मेमरी आणि बहुतेक वेळा डेटाबेसची एक जोडणी धरून बसते. जोडण्या संपल्या की ज्यांना ओटीपी नकोच आहे, नुसती यादी पाहायची आहे, त्यांचेही पान उघडत नाही.

रांगांचे हे शास्त्र नवे नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी त्याचा पाया १९०९ मध्येच घातला. साध्या रांगेचे त्यांच्या परंपरेतले गणित सांगते की यंत्रणा निम्मी भरलेली असताना कामाला एकूण वेळ दुप्पट लागतो, ९० टक्के भरली की दसपट, ९५ टक्के भरली की वीसपट. म्हणजे ९० टक्क्यांवर धापा टाकत चाललेली यंत्रणा आणखी पाच टक्के भाराने दुप्पट संथ होते. ‘काल तर चालत होते’ या तक्रारीचे उत्तर इथे आहे.

लाडकी बहीणच्या ई-केवायसीत ओटीपीच्या तांत्रिक अडचणी येत असल्याचे महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी स्वतः जाहीरपणे मान्य केले, आणि मुदत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत न्यावी लागली. काही दिवसांत सुरळीत होण्याचा सिद्धान्त इथे टिकत नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे, जव्हारच्या नेटवर्ककडे. समज असा की दूरच्या तालुक्यातून थोडेच लोक येतात, त्यांचा भार तो किती! वस्तुस्थिती उलटी आहे. साखरशेतसारख्या गावातून आलेली एक बाई यंत्रणेवर ठाण्याच्या बाईपेक्षा जास्त भार टाकते. केंद्रचालक तिचा आधार क्रमांक टाकतो, कॅप्चा भरतो, संमतीची खूण करतो, ‘ओटीपी पाठवा’ दाबतो. पडद्यावर गोल चकती फिरत राहते. बाईचा फोन साधा बटणांचा; रेंजसाठी ती बाहेर झाडाखाली जाऊन उभी राहते. संदेश येतो तेव्हा त्या ओटीपीची मुदत संपलेली असते. पुन्हा क्रमांक, पुन्हा कॅप्चा. दुसरा ओटीपी नवऱ्याच्या फोनवर, आणि दिवाळीनंतर नवरा भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेला. त्याला फोन लावायचा, त्याने सहा आकडे वाचून दाखवायचे, ते पाठ करून टेबलापर्यंत यायचे. तोवर सत्र तुटते आणि सुरुवात पहिल्यापासून. एका अर्जासाठी ठाण्यात दोन ओटीपी निघाले, इथे आठ निघतात. तिथे जोडणी काही सेकंद उघडी राहते, इथे कित्येक मिनिटे. म्हणजे संथ नेटवर्क सर्व्हरच्या बाहेर थांबत नाही. ते सर्व्हरच्या आत शिरून जागा अडवते आणि त्याची किंमत मग मुंबईतल्या वापरकर्त्यालाही मोजावी लागते.

याची नक्कल करणे अवघड आहे का? मुळीच नाही. भार टाकायला जेमीटरसारखे साधन फुकट मिळते, आणि लिनक्समधल्या नेटएमने हवा तेवढा विलंब कृत्रिमरीत्या घडवता येतो, वाटेत हवी तेवढी माहिती गहाळ करता येते. एका खोलीत बसून साखरशेतचे नेटवर्क उभे करता येते. करत नाहीत, कारण निविदेत ते मागितलेले नसते.

तिसरे वाक्य अशुद्ध माहितीचे. २४ जून २०१७ ला राज्य सरकारने ३४,०२२ कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली. अर्ज ऑनलाइन घेतले, बँकांकडून प्रत्येक कर्जखात्याची माहिती ६६ रकान्यांत मागवली, आणि हे दोन प्रचंड साठे संगणकाने जुळवायचे ठरले. १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रे वाटली गेली. त्यानंतर याद्यांतला घोळ बाहेर आला: एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी, नावे न जुळणारी, खाती न सापडणारी. बँकांनी चुकीची माहिती दिली, असे म्हटले गेले. दिली असेलच. पण लाखो खात्यांच्या माहितीत चुका असतात हे कोणत्याही विकास सोसायटीच्या सचिवाला विचारले असते तर त्याने सांगितले असते. हिशेबात चूक धरायची की नाही, हा बांधणी करणाऱ्याचा निर्णय होता.

शिवाय चूक आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, आणि हा मुद्दा जाणकारांच्याही नजरेतून निसटतो. न जुळलेली प्रत्येक नोंद पुन्हा तपासली जाते, परत पाठवली जाते, पुन्हा येते. अशुद्ध माहिती म्हणजे वाढलेला भार. चाचणीच्या कृत्रिम माहितीत नावे कशी एकसारखी विखुरलेली असतात! प्रत्यक्षात जव्हारच्या यादीत भोये, गावित, महाले पानामागून पान येतात. ज्यांना जन्मतारीख ठाऊक नव्हती, त्यांच्यापैकी असंख्य लोकांच्या आधारवर १ जानेवारी लागलेली आहे. आडनाव आणि जन्मतारीख यांवरून माणूस शोधणारा प्रोग्राम कृत्रिम माहितीवर एका झटक्यात उत्तर देतो; इथे त्याच्या हाती हजारो जुळणी येतात आणि तो एकेक चाळत बसतो. खरी माहिती चाचणीला देऊ नये हे मला मान्य आहे, ती लोकांची खासगी आहे. पण खऱ्या माहितीचा आकार, तिचे ढीग आणि तिच्या चुका नव्या खोट्या नावांनी हुबेहूब उभ्या करता येतात.

रंगीत तालीम झाली होती, असेही उत्तर मिळते. कोविड लसीकरणाचे कोविन पोर्टल घ्या. २ जानेवारी २०२१ ला महाराष्ट्रात पुणे, नागपूर, जालना आणि नंदुरबार इथे लसीकरणाची तालीम झाली, प्रत्येक केंद्रावर २५ जणांची. १६ जानेवारीला मोहीम सुरू झाली आणि कोविनच्या बिघाडामुळे मुंबईत पुढचे दोन दिवस लसीकरण थांबवावे लागले. तालमीने खुर्च्या, शीतपेट्या, कामाचा क्रम तपासला, आणि ते आवश्यकच होते. भार तपासायला २५ माणसे पुरत नाहीत.

म्हणून २०२० ची कर्जमुक्ती मला अधिक शहाणपणाची वाटते, तरीही अपुरी. महात्मा जोतिराव फुले योजनेची पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० ला लागली ती फक्त ६८ गावांची, १५,३५८ खात्यांची. शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन अंगठा द्यायचा, रक्कम बरोबर आहे का ते सांगायचे. मोठी यादी त्यानंतर काही दिवसांनी आली, २१ लाखांहून अधिक खात्यांची. पंधरा हजार खात्यांवरून चुका कळल्या. एकवीस लाखांचा ओघ सोसेल का, हे पंधरा हजारांवरून कळत नाही.

एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. आधारची किंवा बँकेची चालू यंत्रणा राज्याच्या चाचणीसाठी कोणी ठोकून काढू देणार नाही, आणि देऊही नये. पण त्या संस्थेकडून सेकंदाला किती विनंत्या स्वीकारणार, याची लेखी मर्यादा मागता येते. तिच्या जागी बसवलेला नकली प्रोग्राम मुद्दाम संथ करता येतो, शंभरातल्या दहा विनंत्या नाकारायला लावता येतो. आणि दार एकदम सताड न उघडता तालुक्या-तालुक्याने उघडता येते. त्याने गर्दीचे शिखर एक पैसा न खर्चता खाली येते. सुरुवात जव्हार, मोखाडा, धडगाव, धारणीपासून करावी. सोयीच्या तालुक्यात यंत्रणा चालली तर कळते फार थोडे.

तारीख आधी जाहीर झालेली असते, वेळ कुठून आणायचा, असे विचारले जाते. माझी मागणी मोजकी आहे. सरकारने काम स्वीकारण्यापूर्वी कंपनीने अपेक्षित सरासरीच्या दसपट ओघ सलग आठ तास चालवून दाखवावा, त्यातले निम्मे वापरकर्ते संथ आणि तुटक जोडणीवरचे असावेत, आधारचे उत्तर मध्येच ३० सेकंदांवर न्यावे. शेवटी मोजणी करावी: गेलेले अर्ज आणि नोंदलेले अर्ज यांत एकाचाही फरक नको, आणि तीनदा बटण दाबलेल्या बाईची नोंद एकच हवी, पैसेही एकदाच. या मोजणीचा कागद निविदेच्या अटींत असावा, देयकाचा हप्ता त्यावर अडावा आणि त्याची प्रत उद्घाटनाआधी जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आणि तहसीलदारांकडे पोचावी.