शिपायाच्या खिशातील सुरी

गेल्या वर्षी रस्त्याकडेच्या एका पथारीवरून मी खिशात मावणारे एक बहुकामी अवजार विकत घेतले. पक्कड, दोन पाती, कानस, पेचकस आणि डबा फोडण्याची चोच असा सारा सरंजाम एका मुठीत सामावलेला, आणि किंमत मात्र एका साध्या थाळीएवढी. पार्सलाच्या सुतळ्या, सायकलीचे स्क्रू, विजेच्या वायरीवरचे वेष्टण, आंब्याच्या पेटीचे खिळे, अशी कोणत्याही गृहस्थाच्या वाट्याला येणारी किरकोळ कामे मी त्याच्याकडून नित्य करून घेतली. पाते बोथट झाले ते दगडावर पुन्हा लागले, कानशीचे दात झिजले तेही मी चालवून घेतले. परंतु आठव्या महिन्यात पकडीचे दोन जबडे जोडणारी खीळ सैल झाली, आणि सारे अवयव शाबूत असूनही ते अवजार अवजार राहिले नाही.

आपल्या वाडवडिलांना हे मर्म ठाऊक होते. चंचीतला अडकित्ता विकत घेताना जाणता माणूस पात्याची चकाकी पाहत नसे. तो दोन्ही दांडे हातात धरून खिळीपाशी किंचित हलवून पाही, कारण खीळ ढिली असेल तर पाते आपल्या बैठकीवर नेमके उतरत नाही आणि सुपारी कातली न जाता चिरडली जाते. घडीच्या कोणत्याही हत्याराचे आयुष्य त्याच्या सांध्यात असते. स्वस्तपणा आणि टिकाऊपणा यांचा संबंध तपासायचा तर याच सांध्याचा इतिहास पाहावा लागतो, आणि त्याचे एक अत्यंत बोधप्रद प्रकरण स्वित्झर्लंडच्या सैन्याच्या दप्तरात आहे.

१८८९ साली त्या देशाच्या सैन्याने श्मिट-रुबिन ही नवी बंदूक स्वीकारली. ती उघडून साफ करावयाची तर पेचकस हवा. शिपायाच्या शिध्यात डबाबंद अन्न आलेले, तेव्हा डबा फोडण्याचे साधन हवे. कातडी पट्ट्यांना भोके पाडण्यासाठी टोच्या हवा आणि भाकर कापण्यासाठी पाते तर हवेच. ही चार कामे चार निरनिराळ्या जिन्नसांवर न सोपविता एकाच घडीच्या सुरीत बसवावी असे ठरले, आणि काळपट ओकच्या लाकडाची मूठ असलेला, सुमारे १०० मिलिमीटर लांबीचा, १८९० चा नमुना म्हणून ओळखला जाणारा चाकू निश्चित झाला. यांतील एकही पाते हौसेखातर आलेले नव्हते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

परंतु हजारो सुऱ्या एका मुदतीत पुरविण्याची ऐपत असलेला कारखाना त्या देशात त्या वेळी नव्हता, म्हणून १८९१ मधील पहिला मोठा पुरवठा जर्मनीतील झोलिंगेन या गावाकडे गेला. झोलिंगेन हे पात्यांचे पुरातन गाव. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन मालाचा लौकिक काही उज्ज्वल नव्हता. १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील जागतिक प्रदर्शनातून फ्रांझ रोलो या जर्मन यंत्रशास्त्रज्ञाने आपल्याच देशबांधवांना कळविले होते की आपला माल स्वस्त आहे आणि वाईट आहे; आणि झोलिंगेनच्या सुऱ्यांवर इंग्लंडातील शेफील्डच्या खोट्या मुद्रा उमटवून त्या विकल्या जातात, या तक्रारीचाही १८८७ च्या त्या ब्रिटिश कायद्यात मोठा वाटा होता, ज्यामुळे परदेशी मालावर त्याच्या मूळ देशाचे नाव घालणे भाग पडले. या दोन्ही फटक्यांनी जर्मन कारागीर खडबडून जागे झाले, आणि अपमान म्हणून लादलेली ती खूण पुढे खात्रीची खूण ठरली. १९३८ साली तर झोलिंगेन हे नावच तेथील मालापुरते कायद्याने राखून ठेवण्यात आले.

इकडे श्वीत्स परगण्यातील इबाख गावी कार्ल एल्सेनर नावाच्या तरुणाने १८८४ साली सुऱ्यांचा लहानसा कारखाना काढला होता. तो प्रदेश तेव्हा दरिद्री होता आणि कामाच्या अभावी माणसे देशांतर करीत. आपल्या सैन्याची सुरी परक्या मुलुखातून यावी हे एल्सेनरला रुचले नाही. त्याने स्वदेशी सुरीकारांचा संघ उभारला आणि १८९१ सालीच त्या संघामार्फत सैन्याला सुऱ्या रवाना होऊ लागल्या. पण झोलिंगेनच्या यंत्रांवर मोठ्या संख्येने निघणारा माल इतका स्वस्त पडे की संघातील इतर कारागीर एकेक करून बाजूला झाले. एल्सेनर एकटा उरला आणि कर्जात बुडाला. आप्तेष्ट धनकोंच्या आड उभे राहिले म्हणूनच त्याचा कारखाना वाचला.

या हलाखीतून त्याने जे शोधून काढले त्यात मला खरी कारागिरी दिसते. घडीच्या सुरीत प्रत्येक पात्याच्या बुडाशी पोलादाची कमान दाब देऊन बसलेली असते. पाते उघडताना ती वर उचलली जाते आणि पाते पुरे उघडताच टक् असा आवाज करून आपल्या जागी पडते. तिला पाणी देताना ती अधिक कठीण झाली तर तुटते, आणि कमी झाली तर काही महिन्यांतच मरगळते व पाती लटपटू लागतात. कमानींची संख्या वाढली की वजन वाढते, खर्च वाढतो आणि बिघाडाची स्थळेही वाढतात. एल्सेनरने पाती सुरीच्या दोन्ही अंगांनी अशा युक्तीने बसविली की केवळ दोन कमानींवर सहा अवजारे चालावीत. दुसरे लहान पाते आणि बाटलीचे बूच काढण्याचा मळसूत्री आकडा असलेली ही हलकी सुरी १२ जून १८९७ रोजी कायद्याने संरक्षित झाली. सैन्याने ती सरकारी सरंजामात घेतली नाही. अधिकाऱ्यांनी ती पदरचे पैसे मोडून घेतली, आणि एल्सेनरचे दैव फिरले.

शिपायाची मूळ सुरी मात्र चालतच राहिली, आणि तिचा टिकाऊपणा कोणत्याही प्रयोगशाळेत नव्हे तर लष्करी चाकरीत तपासला गेला. लाकडी मूठ तडकते, म्हणून १९०८ च्या नमुन्यात तिच्या जागी कृत्रिम तंतूची मूठ आली. साध्या पोलादाला गंज धरतो, म्हणून १९५१ च्या नमुन्यात गंजरोधक पोलाद आले. ते पोलाद एल्सेनरच्या कारखान्यात १९२१ मध्येच येऊन पोहोचले होते, आणि एल्सेनरची मातोश्री व्हिक्टोरिया हिचे नाव व त्या पोलादाची 'इनॉक्स' ही संज्ञा यांच्या संयोगातून व्हिक्टोरिनॉक्स हे नाव घडले होते. १९६१ च्या नमुन्याला ॲल्युमिनियमची मूठ लाभली आणि वजन पहिल्या सुरीच्या निम्म्यावर आले. सत्तर वर्षांत इतकेच मोजके फेरफार झाले.

पकडीचे प्रकरण याहून निराळे. १९७५ साली टिम लेदरमन हा अमेरिकन तरुण एका जुन्या मोटारीतून युरोपात हिंडत असताना, खिशात सुरी असूनही त्याला पावलोपावली पकडीची उणीव भासली, आणि अनेक वर्षांच्या खटाटोपानंतर १९८३ मध्ये त्याचे पकडीभोवती गुंफलेले अवजार बाजारात आले. सुरीच्या खिळीवर केवळ पात्याचा भार येतो. पकडीच्या खिळीवर दोन्ही दांड्यांच्या तरफेने वाढलेला मुठीचा सारा जोर येतो. स्वस्त नकलांत पोलादाची खरी कसर याच जागी केलेली असते, आणि माझे अवजार तेथेच निकामी झाले.

शिपायाची सुरीसुद्धा स्वस्तात करून घेतलेली होती, परंतु तिचा खरेदीदार एक राज्य होते. त्याने पोलाद, कमान आणि माप लिहून दिले होते, आणि त्यात उणे ठरेल तो माल परत जात असे. पथारीवरच्या गिऱ्हाइकाच्या पाठीशी असले दप्तर नसते. त्याच्यापाशी फक्त त्याचा अंगठा असतो, आणि खीळ हलवून पाहण्याची तोलाची सवय.

१९६१ चा नमुना सत्तेचाळीस वर्षे अंमलात राहिला. पुढे नव्या सुरीची वेळ आली तेव्हा जागतिक व्यापाराच्या नियमांप्रमाणे निविदा सर्व देशांना खुली ठेवावी लागली, आणि १८९१ प्रमाणे आपल्या शिपायांची सुरी पुन्हा परदेशातून येणार की काय, या शंकेने स्विस लोकांत मोठी अस्वस्थता पसरली. तो मक्ता इबाखलाच मिळाला.