जय जगत्

जय जगत् : आचार्य विनोबा भावे (११ सप्टेंबर १८९५ – १५ नोव्हेंबर १९८२) यांनी १९५७ साली कर्नाटकातील पदयात्रेत दिलेली घोषणा आणि तिच्याभोवती उभी राहिलेली विश्वशांतीची विचारसरणी. अणुबाँबच्या काळात एका देशाचा जय दुसऱ्याच्या नाशावर टिकू शकत नाही. जय म्हणायचा तर सगळ्या जगाचाच म्हणावा लागेल, ही तिच्यामागची भूमिका. वर्ध्याजवळच्या पवनार येथील त्यांच्या आश्रमात आजही एकमेकांना अभिवादन याच शब्दांनी होते.

हिरोशिमानंतर मानवजात टिकेल का, हा प्रश्न जगभर विचारला जात होता. विनोबांचे उत्तर समीकरणाच्या रूपात होते. विज्ञानाला हिंसेची जोड मिळाली तर सर्वनाश, अहिंसेची मिळाली तर सर्वोदय, म्हणजे सर्वांचे भले. विज्ञान थांबवावे असे त्यांनी कधी म्हटले नाही. ते आणखी वाढावे, अशीच त्यांची इच्छा होती. अण्वस्त्रांपेक्षा लाठी-तलवारीची आणि ती उचलणाऱ्या मनाची त्यांना जास्त काळजी वाटे. अण्वस्त्रांची भीती राष्ट्रप्रमुखांना निदान विचार तरी करायला लावते. गावच्या भांडणात काठी उचलणारा तेवढाही थांबत नाही. या विचारसरणीतील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. जगाच्या नाशाचा प्रश्न तिने गावच्या बांधापर्यंत आणला.

त्या बांधापर्यंत जाणारी वाट यवतमाळ जिल्ह्यातून गेली. ८ मार्च १९५१ रोजी विनोबा पवनारहून पायी निघाले ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी. वर्ध्याहून तिकडे जाणारा रस्ता पांढरकवडा, पाटणबोरी या कापसाच्या पट्ट्यातून पैनगंगेवर येतो आणि नदी ओलांडली की आदिलाबाद लागते. पुढे तेलंगणात सशस्त्र शेतकरी लढा आणि त्याच्यावरची लष्करी कारवाई यांत गावे होरपळत होती. १८ एप्रिलला पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी विनोबांकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी ती मागणी गावापुढे ठेवली, तेव्हा रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. भूमिहीनांसाठी जमीन दान मागण्याचे काम, भूदान, तेथे सुरू झाले. विनोबांच्या लेखी ते शांतिकार्यच होते : ज्याच्याजवळ पेरायला जमीन नाही, त्याला शांततेचा उपदेश करण्याचा अधिकार कोणाला?

शांतिसेना हे या विचाराचे संघटित रूप. कल्पना गांधीजींची, तिच्या विचारासाठी फेब्रुवारी १९४८ मध्ये सेवाग्रामला बैठक व्हायची होती, त्याआधीच त्यांची हत्या झाली. विनोबांनी २३ ऑगस्ट १९५७ रोजी केरळमध्ये शांतिसेना स्थापन केली. पाच हजार लोकवस्तीमागे एक सैनिक, म्हणजे देशासाठी सत्तर हजार, असा त्यांचा हिशेब होता. दंगल पेटल्यावर धावून जाणे हे या सैनिकाचे दुय्यम काम. एरवी त्याने त्याच वस्तीत राहून सेवा करायची, घराघरांत ओळख ठेवायची. पेटलेल्या दिवशी ज्याचे तोंड कोणी ओळखत नाही, त्याचे ऐकणार कोण?

या सैनिकाच्या पोटाची सोयही पाहण्यासारखी होती. घरात एक भांडे ठेवायचे, सर्वोदयपात्र. त्यात रोज मूठभर धान्य टाकायचे, आणि तेही घरातल्या मुलाच्या हाताने. मोठ्यांच्या मुठीत धान्य जास्त मावते हे विनोबांना कळत नव्हते असे नाही. पण आपल्या जेवणाआधी दुसऱ्याचा वाटा काढण्याची सवय मुलाच्या हाताला लागावी, हा हेतू होता. युद्धाचा खर्च करातून वसूल होतो, शांतीचा खर्च स्वयंपाकघरातून स्वखुशीने यावा, ही यामागची दृष्टी आजही कोणत्याही निधी-योजनेपेक्षा सखोल वाटते.

सैनिकांची संख्या मात्र काही हजारांपलीकडे गेली नाही. तरीही १९६९ च्या अहमदाबादच्या आणि १९७० च्या भिवंडीच्या दंगलीनंतर शांतिसैनिकांनी काम केले. नागालँडमध्ये ६ सप्टेंबर १९६४ पासून लागू झालेल्या शस्त्रसंधीमागे सर्वोदयी नेते जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चालिहा आणि ब्रिटिश धर्मोपदेशक मायकेल स्कॉट यांचे शांतिमंडळ होते.

घोषणेतले 'जगत्' गाठायला दोन पदयात्रा निघाल्या. १९६२ मध्ये सतीश कुमार आणि ई. पी. मेनन दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन या चार अण्वस्त्रधारी देशांच्या राजधान्यांकडे निघाले. जवळ पैसा बाळगू नका, ही विनोबांची सूचना त्यांनी पाळली. सोव्हिएत जॉर्जियात चहाच्या कारखान्यातील एका बाईने त्यांना चहाच्या चार पुड्या दिल्या, चार राष्ट्रप्रमुखांसाठी. बाँबची कळ दाबावीशी वाटेल तेव्हा थांबा आणि आधी हा ताजा चहा घ्या, असा तिचा निरोप होता. दुसरी यात्रा संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे अध्यक्ष राहिलेल्या शंकरराव देव यांची. चीनच्या युद्धाची जखम ओली असताना १ मार्च १९६३ रोजी दिल्ली-पेकिंग मैत्रीयात्रा निघाली. चीनने प्रवेश दिला नाही, देशातही टीका झाली, आणि यात्रा आसामात संपली. शत्रू मानलेल्या देशाकडे पायी निघण्याचे ते धाडस अपयशी म्हणून विसरले जाते, हे योग्य नाही.

जयप्रकाशांच्या बिहार आंदोलनावरून १९७४-७५ मध्ये सर्वोदय मंडळींत फूट पडली आणि शांतिसेना खचली. शांतीचे काम करणाऱ्यांना आपसातला मतभेद पेलता आला नाही, ही या इतिहासातील सर्वांत दुखरी जागा. शांतिसेनेचे एक नेते नारायण देसाई पुढे १९८१ मध्ये स्थापन झालेल्या 'पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल'च्या उभारणीत होते.

चळवळ ओसरली तरी भूदानाच्या जमिनी राहिल्या. यवतमाळसह विदर्भात त्यांचा कारभार मध्य प्रदेश भूदान यज्ञ अधिनियम, १९५३ या कायद्याखाली आला, कारण विदर्भ तेव्हा त्या राज्यात होता. अशी जमीन वारसांकडे जाते, पण विकता येत नाही. तरीही हस्तांतराचे वाद तहसील कचेऱ्यांत चालतात. पैनगंगेच्या अलीकडे एखाद्या सातबाऱ्यावर 'भूदान' हा शेरा दिसतो. त्या शेतात बहुधा कापूस असतो आणि तो कसणाऱ्याचे पोट पावसावर अवलंबून असते.