छायाकल्प

पंचांगातल्या ‘छायाकल्प चंद्रग्रहणा’तला ‘कल्प’ कल्पनेतला नव्हे. तो ‘किंचित उणा’ या अर्थाचा संस्कृत प्रत्यय. मृतकल्प म्हणजे मेल्यात जमा, तसं छायाकल्प म्हणजे जवळजवळ छायाच. किती नेमका शब्द! चंद्र पृथ्वीच्या दाट सावलीत शिरतच नाही, विरळ उपच्छायेतून जातो. बिंबाची एक बाजू जरा मळकट दिसते, इतकंच. पंचांगकर्ते त्याचे वेधही पाळायला सांगत नाहीत. ५ मे २०२३ ला, बुद्धपौर्णिमेच्या रात्री, असं ग्रहण आपल्याकडून दिसलं. सारोस चक्रानुसार सुमारे १८ वर्षं ११ दिवसांनी ग्रहण परततं, पण थोडं बदलून. याच मालिकेतलं २४ एप्रिल २००५ चं ग्रहण छायाकल्पच होतं. १६ मे २०४१ चं मात्र खंडग्रास असेल.