तारीख उलटली की काय होतं? घातक कचरा, परवाने आणि ८ नोव्हेंबर १९८५

आजच्या भागात गोष्ट आहे एका तारखेची. ८ नोव्हेंबर १९८५. त्या दिवशी अमेरिकेत घातक कचरा जमिनीत पुरणाऱ्या शेकडो जागांची परवानगी आपोआप संपली. कुठे धाड पडली नाही, कोर्टाचा आदेश आला नाही. कॅलेंडरचं पान उलटलं, एवढंच.

परवाने, मुदती, नूतनीकरण... विषय रटाळ वाटतो, मान्य आहे. पण आम्ही सॉफ्टवेअरवाले टाइमआउट लावतो तेव्हा किती सेकंदांचा, हा प्रश्न दुय्यम असतो. मुख्य प्रश्न असतो की वेळ संपली आणि उत्तर आलंच नाही, तर पुढे काय? कायद्यातही अगदी तसंच आहे.

तर सुरुवात करू १९७६ पासून. त्या वर्षी अमेरिकेत घातक कचऱ्याचा मुख्य कायदा झाला. त्याला ‘रिक्रा’ म्हणतात. पर्यावरण खातं म्हणजे ईपीए, त्याला नियम बनवायला १८ महिने दिले होते. ते १९७८ मध्येच संपले, नियम काही आले नाहीत. त्याच वर्षी नायगारा फॉल्स शहरातलं ‘लव्ह कॅनॉल’ प्रकरण पेटलं. तिथल्या जुन्या कालव्यात हूकर केमिकल कंपनीने सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला होता आणि १९५३ मध्ये ती जमीन शाळा मंडळाला एका डॉलरला देऊन टाकली होती. वर शाळा झाली, आजूबाजूला घरं झाली. ऑगस्ट १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांना तिथे आणीबाणी जाहीर करावी लागली.

शेवटी मे १९८० मध्ये नियम आले आणि १९ नोव्हेंबर १९८० पासून लागू झाले. आता प्रश्न असा की देशभरात हजारो जागा आधीपासून चालू आहेत. प्रत्येकीची तपासणी करून पक्का परवाना द्यायला वर्षं जाणार. मग तोवर काय? कायद्यातच उत्तर होतं: ‘इंटरिम स्टेटस’, म्हणजे तात्पुरती मान्यता. आम्ही अस्तित्वात आहोत असं कळवायचं आणि एक प्राथमिक अर्ज भरायचा. बास. अंतिम निर्णय होईपर्यंत तुम्हाला परवाना मिळालाय असंच धरलं जाणार.

यात वाईट हेतू नव्हता. सगळं एका दिवसात बंद केलं असतं तर कचरा गेला कुठे असता? रात्री नाल्यात, नाहीतर रस्त्याच्या कडेला. पण परिणाम असा झाला की उशीर कुणाचाही असो, जागा चालूच राहायची. पक्क्या परवान्यासाठी सविस्तर अर्ज, भूजलाची तपासणी, जागा बंद करायच्या वेळी लागणाऱ्या पैशांची हमी, हे सगळं खर्चिक होतं. मग घाई कोण कशाला करेल?

त्यात १९८१ मध्ये रेगन सरकार आलं. ईपीएच्या प्रमुखपदी अ‍ॅन गोर्सच बसल्या आणि खात्याचं बजेट कापलं गेलं. १९८२ मध्ये तर द्रव कचऱ्याची पिंपं जमिनीत पुरण्यावरची बंदीच उठवली. ओरड झाल्यावर काही आठवड्यांत ती परत लावावी लागली. मार्च १९८३ मध्ये गोर्सच यांनी राजीनामा दिला. तोपर्यंत काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, या खात्यावरचा विश्वास उडाला होता.

म्हणून १९८४ च्या दुरुस्तीत काँग्रेसने तारखा थेट कायद्यातच लिहून टाकल्या. ८ नोव्हेंबर १९८४ ला रेगन यांची सही झाली. नवा नियम असा: घातक कचरा जमिनीत पुरणाऱ्यांना बरोबर १२ महिने. तेवढ्यात पक्क्या परवान्याचा पूर्ण अर्ज द्या आणि भूजल तपासणी व पैशांची हमी हे नियम पाळतोय असं लेखी प्रमाणित करा. नाही केलं, तर तात्पुरती मान्यता आपोआप रद्द.

एका वर्षाने निकाल लागला. अर्ध्याहून जास्त जागांनी ते प्रमाणपत्र दिलंच नाही आणि त्यांची मान्यता गेली. म्हणजे इतकी वर्षं चालू असलेल्या बहुतेक जागांना आपण साधे नियम पाळतो एवढंही सहीनिशी सांगता येत नव्हतं!

अशी तरतूद सरकारसाठीही होती. तिला ‘हातोडा’ म्हणायचे. कचरा पुरण्याआधी त्यावर काय प्रक्रिया करायची याची मानकं ईपीएने टप्प्याटप्प्याने ठरवायची, शेवटची मुदत ८ मे १९९०. मानकं आली नाहीत, तर तो कचरा पुरायला सरसकट बंदी. उद्योगांनाही ते परवडणारं नव्हतं. ईपीएने मानकं ऐन मुदतीला पूर्ण केली.

पण एक फट राहिली. जमिनीत न पुरता कचरा साठवणाऱ्या किंवा त्यावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांनी १९८८ पर्यंत अर्ज करायचा आणि सरकारने १९९२ पर्यंत निर्णय द्यायचा, असं ठरलं होतं. अर्ज केला नाही तर मान्यता जाणार. पण सरकारनेच निर्णय दिला नाही तर? तर काहीच नाही. कारखाना चालू.

या फटीत काय झालं ते लॉस एंजेलिसजवळच्या व्हर्नन गावात दिसतं. जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढणारा एक कारखाना. त्याला १९८१ मध्ये तात्पुरती मान्यता मिळाली. २००० मध्ये तो एक्साइड कंपनीकडे आला. पक्का परवाना मात्र कधीच मिळाला नाही, तीस वर्षांहून जास्त! शेवटी कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये खास कायदा केला: ३१ डिसेंबर २०१५ पर्यंत एकतर परवाना द्या, नाहीतर मान्यता काढा. त्याआधीच, मार्च २०१५ मध्ये, सरकारी वकिलांशी समझोता करून कंपनीने कारखाना कायमचा बंद केला. तोवर आसपासच्या हजारो घरांच्या अंगणातल्या मातीत शिसं गेलेलं होतं. शिशाचा सगळ्यात जास्त धोका लहान मुलांच्या मेंदूला असतो आणि अंगणात खेळतात तीच. २०१६ मध्ये राज्याने सफाईसाठी १७.६६ कोटी डॉलर मंजूर केले. २०२० मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टाने कंपनीला ती जागा तशीच सोडून जायला परवानगी दिली.

आता नूतनीकरण. अमेरिकेत पक्का परवाना जास्तीत जास्त १० वर्षांचा असतो. संपायच्या १८० दिवस आधी नवा अर्ज द्यायचा. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ हे तिथे नियमातच लिहिलंय म्हणा ना! वेळेत पूर्ण अर्ज दिला आणि निर्णय लांबला, तर जुना परवाना चालू राहतो. अर्जदाराने वेळ पाळली, त्याला शिक्षा नको, हे पटतं. पण त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या अटींवरच काम चालू राहतं, तेही निर्णय होईपर्यंत. म्हणून कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये नियम बदलला आणि नूतनीकरणाचा अर्ज दोन वर्षं आधी मागायला सुरुवात केली.

आपल्याकडच्या २०१६ च्या नियमांतही आकडे आहेत: पूर्ण अर्ज आल्यावर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने १२० दिवसांत प्राधिकारपत्र द्यायचं, पाच वर्षांसाठी. तुमच्या जवळच्या एमआयडीसीतल्या कारखान्याच्या परवान्याची बातमी वाचाल, तेव्हा मुदत किती दिवसांची हे बघाच. पण त्यासोबत विचारा, की ती मुदत चुकवली कुणी? आणि ती चुकल्यावर कारखाना चालू राहतो की बंद होतो? चालू राहत असेल, तर त्या उशिराची किंमत फाइल अडवणारा देत नाही. ती शेजारी राहणारे देतात.

आजच्यापुरतं इतकंच. भेटू पुढच्या भागात!