पाच गोलांचा निवाडा

कोलकात्यात राहायला आल्यावर एक गोष्ट मला लवकर कळली. इथल्या वयस्कर माणसांना बोलतं करायचं असेल, तर त्यांना ३० सप्टेंबर १९७५ या तारखेबद्दल विचारावं. आयएफए शिल्डचा अंतिम सामना. ईस्ट बंगाल पाच, मोहन बागान शून्य. आकड्याबद्दल कुणाचं दुमत नाही. वाद आहे तो फक्त ‘असं का झालं?’ याचा.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चहाच्या टपरीवर हा वाद मी अनेकदा ऐकला आहे. मोहन बागानचे एक जुने भक्त म्हणतात, गोलरक्षक कच्चा होता. दुसरे म्हणतात, पहिला गोल लवकर बसला आणि बचावफळीनं धीर सोडला. तिसऱ्यांच्या मते पलीकडे प्रशिक्षक म्हणून प्रदीपकुमार बॅनर्जी होते, तिथेच सामना संपला होता. मी मराठी, म्हणून तटस्थ. त्यामुळे निवाडा माझ्याकडे येतो. पण पानिपत का हरलो यावर अजून भांडणाऱ्यांतला मी. मी कसला निवाडा देणार?

तरी जुना इतिहास चाळताना एवढं उमगलं, की हा घाव नुसत्या पाच गोलांचा नव्हता. १९११ साली याच शिल्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवलं होतं. गोऱ्या पलटणीवर मिळवलेला तो विजय क्लबच्या अभिमानाचा पाया ठरला. ईस्ट बंगालची स्थापना १९२० ची. फाळणीनंतर पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांना या क्लबमध्ये आपलं हरवलेलं गाव सापडलं. इथले ते ‘घोटी’, तिकडून आलेले ते ‘बांगाल’. सामना जिंकला की एका घरात चिंगडी शिजायची, दुसऱ्या घरात इलिश. १९७० पासून सलग सहा वर्षं ईस्ट बंगालनं कलकत्ता लीग जिंकली होती. घोटींच्या मनात १९११ ची आठवण असलेलं शिल्ड उरलं होतं. तेही असं गेलं.

पहिला गोल केला सुरजित सेनगुप्तानं, जो पूर्वी मोहन बागानकडूनच खेळला होता. श्याम थापानं दोन केले, रणजित मुखर्जी आणि शुभंकर सन्याल यांनी एकेक. चार गोल झाल्यावर तरुण गोलरक्षक भास्कर गांगुलीला बाहेर बोलावून प्रशांत मित्रला उतरवलं गेलं. संघ अकरा जणांचा, पण त्या क्षणी लोकांना दोषी सापडला. संतापलेल्या चाहत्यांना चुकवण्यासाठी काही खेळाडूंनी रात्र गंगेत होडीवर काढली, असं पुढे सांगितलं गेलं. एका तरुण चाहत्यानं तर जीव दिला. त्याचा विषय निघाला की टपरीवर सगळेच गप्प होतात. बाकी सगळे वाद अजून चालू आहेत. त्याच्यासाठी मात्र वाद तिथेच संपला.

चाहते कारणं शोधत राहिले, तेव्हा दोन्ही क्लबांनी आपापला निकाल देऊन टाकला होता. १९७६ मध्ये मोहन बागाननं ईस्ट बंगालचे प्रशिक्षक बॅनर्जी यांनाच आपल्याकडे आणलं. पुढच्याच वर्षी शिल्ड, ड्युरंड आणि मुंबईचा रोव्हर्स चषक, तिन्ही मोहन बागाननं जिंकले. आणि भास्कर गांगुली? ज्यांनी त्याच्यावर चार गोल चढवले, त्या ईस्ट बंगालनंच त्याला घेतलं. ज्यांनी त्याला सर्वांत वाईट दिवशी समोरून पाहिलं होतं, त्यांना तो कच्चा वाटला नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत तो भारताचा कर्णधार होता.

परवा टपरीवर मी हे सगळं मांडलं. म्हटलं, ‘‘दादा, गोलरक्षक कच्चा असता तर शत्रूनं त्याला घरात घेतलं असतं का?’’

म्हातारबुवांनी मातीचा कुल्हड खाली ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘खरं आहे. दिल्लीत तो देशाचा कर्णधार झाला, तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या.’’ मला वाटलं, झाला एकदाचा निवाडा.

‘‘पण तो चौथा गोल मात्र,’’ ते म्हणाले, ‘‘अडवायला हवा होता.’’