यादीतलं चौदावं नाव

जून १९७६मध्ये 'एसीएम ट्रान्झॅक्शन्स ऑन डेटाबेस सिस्टिम्स' या नियतकालिकात 'सिस्टिम आर'वरचा एक शोधनिबंध छापून आला. लेखक चौदा, नावं आडनावांच्या इंग्रजी वर्णक्रमाने. त्यामुळे शेवटचं नाव डब्ल्यूवालं : व्ही. वॉटसन. व्ही म्हणजे व्हेरा. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत ती प्रोग्रॅमर होती.

माझं पोट एसक्यूएलवर चालतं, म्हणून सिस्टिम आर काय होतं ते आधी सांगतो. १९७०मध्ये एडगर कॉड यांनी मांडलं की माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, आणि काय हवं तेवढंच विचारावं. ते कसं शोधायचं हे यंत्राने ठरवावं. कल्पना सुंदर, पण प्रत्यक्षात ती फार हळू चालेल अशी शंका अनेकांना होती. सिस्टिम आरने ती चालवून दाखवली. एसक्यूएल तिथेच वाढली. कसाऱ्याहून पुढे जाणाऱ्या गाडीचा एकच बर्थ एकाच क्षणी दोघांनी मागितला, तर तो एकालाच मिळाला पाहिजे आणि मधेच वीज गेली तरी अर्धवट नोंद राहता कामा नये. असल्या भानगडी कशा निस्तरायच्या, याचाही पाया बऱ्याच अंशी त्या गटाने घातला. इंजिनियरिंगला आम्ही हे सगळं दहा मार्कांचा प्रश्न म्हणून पाठ केलं. त्यामागे माणसं होती आणि त्यातलं कुणी सुट्टीत डोंगर चढत होतं, हे पुस्तकात येत नाही.

व्हेराचे डोंगर मोठे होते. १९७४मध्ये तिने अर्जेंटिनातलं अकोंकाग्वा एकटीने सर केलं. असं करणारी ती पहिली स्त्री. उंची ६,९६१ मीटर, म्हणजे जवळजवळ पाच हरिश्चंद्रगड एकावर एक. तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती. तिचा नवरा जॉन मॅकार्थी. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हा शब्दप्रयोग आणि लिस्प ही भाषा देणारे तेच, आणि तेही गिर्यारोहक. इंटरनेटवर व्हेरा अनेकदा त्यांच्या चरित्रातल्या एका ओळीत भेटते. त्या ओळीत तिचं लग्न असतं आणि तिचा मृत्यू असतो. मधलं काहीच नसतं.

१९७८मध्ये आर्लीन ब्लम या जीवरसायनशास्त्रज्ञ बाईंनी अन्नपूर्णेवर फक्त स्त्रियांची मोहीम काढली. अन्नपूर्णा-१ची उंची ८,०९१ मीटर. आठ हजारी शिखरांत १९५०मध्ये सर्वांत आधी चढलं गेलेलं हेच, आणि जीवघेणेपणातही पहिल्या काहींतलं. पैसे उभे करण्यासाठी या बायकांनी टी-शर्ट विकले. बाईची जागा शिखरावर, अशा अर्थाची द्व्यर्थी घोषणा त्यावर होती. असे हजारो टी-शर्ट खपले.

१५ ऑक्टोबरला आयरीन मिलर आणि व्हेरा कोमार्कोवा, मिंग्मा त्सेरिंग आणि चेवांग रिंजी या शेर्पांसह शिखरावर पोचल्या. अन्नपूर्णेवर पोचलेल्या या पहिल्या स्त्रिया, आणि अमेरिकनांतही पहिल्याच. आयरीन पदार्थविज्ञान शिकलेली, तीही आयबीएमचीच.

मोहिमेचं काम खरं तर इथे झालं होतं. पण दुसरी जोडी वर जाणार होती : आपली व्हेरा आणि ब्रिटनची ॲलिसन चॅडविक-ओनिश्किएविच. ॲलिसन ही १९७५मध्ये गाशेरब्रुम-३ पहिल्यांदा सर करणाऱ्यांपैकी एक. दोघी शेर्पांशिवाय, एका दोरावर निघाल्या. १७ ऑक्टोबरला वरच्या तळाकडे जाताना त्या कोसळल्या.

नंतर टीका झाली. बायकांना तिथे जायची गरज काय होती, इथपासून. मला दुसऱ्या जोडीने जावं की नाही हा प्रश्न खोटा वाटत नाही. शिखर गाठल्यावर धोका पुन्हा का पत्करायचा, हे प्रत्येक मोहिमेच्या म्होरक्याला ठरवावं लागतं, आणि ब्लम यांनी त्याबद्दल स्वतःच्या पुस्तकात लिहिलं आहे. पण अन्नपूर्णेवर पुरुष मेले तेव्हा पुरुषांनी तिथे जावं का, असं कुणी विचारलं नव्हतं. शिवाय ॲलिसनला ब्लम यांच्याइतकंच डोंगर कळत होतं आणि व्हेरा अकोंकाग्वावरून एकटी परत आली होती. निर्णय त्यांचाही होता. त्यांना फसलेल्या बिचाऱ्या ठरवणं मला टीकेपेक्षा जास्त खटकतं.

त्याच चौदा नावांत पाचवं नाव जिम ग्रे यांचं. ट्रान्झॅक्शनवरच्या कामासाठी त्यांना १९९८चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. जानेवारी २००७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून ते एकटेच शिडाच्या बोटीने फॅरलॉन बेटांकडे गेले. तटरक्षक दल, मित्र, उपग्रहचित्रं डोळ्यांखालून घालणारे हजारो स्वयंसेवक, सगळ्यांनी शोधलं. बोट सापडली नाही.