द्राक्षबागेचा खुंट आणि बोअरचं पाणी

आता अक्कलकोटकडे येऊ. बोरी नदीवर कुरनूरचं धरण आहे, तरी तालुका अवर्षणप्रवणच. याच सोलापूर जिल्ह्यात, नान्नजला, नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ ही द्राक्षाची जात दिली. तिचं कौतुक आपण सगळेच करतो. आम्हांला मात्र मुळांकडे बघायचंय. पाणी कमी, त्यात बोअरचं खारट. स्वतःच्या मुळांवरच्या वेली टिकेनात, तेव्हा बागायतदारांनी ‘डॉगरिज’ या अमेरिकी खुंटावर कलमं बांधली. सोबत ठिबक आलं, पाणी खरंच वाचलं. पण ते जमिनीत राहिलं का? बऱ्याच ठिकाणी त्यावर आणखी एकरभर बाग लावली गेली. खुंट सोसतोय म्हटल्यावर बोअरही खोल गेले. निर्यातीसाठी फवारणीची वही आपण नेमानं लिहितो. बोअर किती फुटांवर गेला, ते तीत सहसा नसतं.